वामन मास्तर, बालाघाट

दादा गेल्या महिन्यात, एका बुधवारी दुपारी वारला. त्याची आणि माझी ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही — तुम्हालाच पहिल्यांदा सांगतो आहे.

दादा भरवेलीच्या मँगनीज खाणीत कामाला होता. त्याच्या पगारावर मी शिकलो, बालाघाटला शाळेत मास्तर झालो. पुस्तकं आणि रेडिओवरचं गाणं, एवढंच माझं जग. मला नोकरी लागली तेव्हा तो म्हणाला, "चाल नागपूरले. रेडिओतली बाई तुले डोयानं दाखवतो. आवाजच आयकत राहशील काय जन्मभर?"

छोट्या गाडीनं गोंदिया, तिथून मोठ्या गाडीनं नागपूर. ते शहर आम्ही दोघंही पहिल्यांदाच पाहत होतो.

मुद्द्यावर यायला मी वेळ लावतो आहे, नाही का? लावतो आहे खरा.

बाईंचं गाणं होतं त्या सभागृहात माझ्या उजव्या हाताला एक गृहस्थ बसले होते. मध्यंतरात त्यांनी रागाबद्दल काही विचारलं आणि मी वाचलेलं सगळं बोलून दाखवलं. "कोणत्या कॉलेजात शिकवता?" त्यांनी विचारलं. मी नुसता हसलो. दादा तेव्हा माझ्यासाठी चहा आणायला गेला होता.

मध्यंतरानंतर बाईंनी एक ठुमरी गायली. ती संपली आणि दादा उठला. आमच्याकडे दंडार असते — गावातलं नाचगाण्याचं नाटक. त्यात गाणं आवडलं की ऐकणारा उठून रुपया बक्षीस देतो, आणि गाणारा ते कोणाच्या नावानं आलं ते सर्वांसमोर पुकारतो. आपल्या माणसाचं नाव पुकारून घ्यायचं, यात केवढा मान. दादाला वाटलं, गाणं आहे म्हणजे इथेही तसंच असणार.

नोट उंच धरून तो मधल्या वाटेनं चालत गेला. लोक हसू लागले. एका कार्यकर्त्यानं त्याचा दंड धरला. बाईंनी हातानंच त्या कार्यकर्त्याला थांबवलं. वाकून नोट घेतली, कपाळाला लावली आणि विचारलं, "कोणाच्या नावानं?"

"माह्या भावाच्या. वामन मास्तर, बालाघाट. तो पाहा, तिथं बसून हाये."

बाईंनी नाव पुकारलं. दादाचं बोट माझ्याकडे होतं. सगळ्यांच्या माना वळल्या. आणि मी — मीही मान वळवली. मागे पाहिलं. जणू तो वामन मास्तर माझ्या मागच्या रांगेत कुठेतरी बसला असावा.

एवढंच केलं मी. उभा राहिलो असतो तर काय बिघडणार होतं?

दादा परत माझ्या शेजारी येऊन बसला नाही. उरलेलं गाणं त्यानं दाराशी उभं राहून ऐकलं. येताना गाडीत मी खिडकीबाहेरच पाहत होतो. गोंदिया आलं तेव्हा तो म्हणाला, "काय तो उजेड रे डोयावर. तू तं मले दिसलाच नाही." मी "हौ" म्हटलं. त्याचं सगळंच घेत आलो होतो, त्यानं दिलेली ही सबबही घेतली.

तेरवीच्या दिवशी वहिनी पाहुण्यांना सांगत होती, "घरी कोणी आलं का ह्यांचं हेच. नागपूरच्या बाईनं माह्या भावाचं नाव पुकारलं, अन् भाऊ कसा हात जोडून उभा राह्यला, साऱ्यायनं टाळ्या वाजवल्या." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काहो भाऊजी, असंच झालतं ना?"

मी पुन्हा "हौ" म्हटलं.

म्हणजे इतकी वर्षं दादा मला उभा करत होता. ज्याला ज्याला सांगितलं, त्याच्यासमोर. मला त्यातलं एक अक्षरही न कळू देता. असा भाऊ मला मिळाला — हे लिहिताना शोकाहून तेच जास्त दाटून येतं. लाज आहेच. ती असू दे.

भरवेलीत ती गोष्ट अजून दादाच्याच शब्दांत सांगतात. आमच्या घरात खरं ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलो आहे.