गैरसमजाचा सत्कार

मला मारलं त्या दिवसापासून एका शब्दाची मला चीड आहे. गैरसमज. पोलीस, बातमीदार, गावचे पुढारी, माझे वरिष्ठ, ज्याच्या त्याच्या तोंडी हाच शब्द. "गैरसमजातून डॉक्टरला धक्काबुक्की," असं पेपरात आलं. धक्काबुक्की एसटीत चढताना होते. मला कानाखाली मारलं होतं आणि तो कान पुढे कितीतरी दिवस वाजत होता.

अकोल्याकडच्या मालेगाव तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी डॉक्टर आहे. कुठल्या ते सांगत नाही, सांगून काही बदलणार नाही. दाराशी एक बोर्ड आहे. डॉक्टर व कर्मचाऱ्यांवर हल्ला करणे अजामीनपात्र गुन्हा आहे, असं त्यावर लिहिलंय. त्यातल्या 'अजामीनपात्र'वर तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकलेला असतो. आधी मी तो पुसून घ्यायचे. आता घेत नाही. ज्यांना वाचायचंच नाही त्यांच्यासाठी कशाला पुसा?

आमच्याकडे पिकावर फवारायच्या विषाला औषध म्हणतात. दुकानातून औषध आणलं, पंपात औषध भरलं, आणि फवारता फवारता माणूस चक्कर येऊन पडला की "त्याले औषध लागलं." मी याच तालुक्यातली, किन्हीराजाची. लहानपणापासून मीही असंच बोलत आले, त्यात काही वावगं आहे असं कधी वाटलं नाही. पण त्या दुपारी विषाला औषध म्हणणाऱ्या माणसांनी माझ्या औषधाला विष ठरवलं.

सोयाबीनवर फवारणी चालू होती. दोघांनी एका माणसाला मोटरसायकलवर मधे बसवून आणलं. पुढे गाडी चालवणारा त्याचा धाकटा भाऊ, मागे धरून बसलेला गावचा कोणीतरी. पेशंट मजुरीवर फवारणी करणारा. सकाळपासून पाठीवर पंप, वारा समोरून, आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्याच औषधानं ओला झालेला. अंगातून घामाच्या धारा, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. छातीला नळी लावली तर आत नुसती घरघर. अशा माणसाची छाती पाण्यानं भरत जाते आणि तो कोरड्या जमिनीवर बुडतो.

रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन अकोल्याला गेली होती. तिची वाट बघत बसले असते तर तो गेला असता. सिस्टरनं सलाईन लावलं, मी या विषावरचा उतारा, अॅट्रोपिन, सुरू केलं. हे इंजेक्शन पुन्हा पुन्हा द्यावं लागतं, छाती कोरडी होईपर्यंत. ती कोरडी झाली की माणूस वाचायला लागतो. पण तोंडही कोरडं पडतं, चेहरा लालबुंद होतो, बाहुल्या मोठ्या होतात आणि माणूस काही वेळ बरळतो. म्हणजे औषध पोचलं, आता डोस कमी करायचा. आमच्या धंद्यातली ही आनंदाची घटका.

तो बरळायला लागला. नसलेल्या बैलाला हाका मारू लागला, चादरीवरून नसलेल्या शेंगा तोडू लागला. मी सिस्टरकडे बघून हसले. माझं ते हसू दारातून भावानं पाहिलं.

"चांगला बोलत आला होता," तो आत आला. "आता थो पागलावानी करून राह्यला. कोनती सुई देल्ली बाई तुमी?"

मी म्हटलं, "दादा, ते सुईचंच आहे. घाबरू नका, हे चांगलं लक्षण आहे."

"मानूस पागल केला अन् चांगलं म्हनते," तो म्हणाला आणि त्यानं मला मारलं.

सिस्टर मधे पडल्या. माझ्याहून वयानं कितीतरी मोठ्या त्या. त्यांना त्यानं ढकललं, त्या लोखंडी खाटेवर आदळल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. तोवर बाहेर जमलेल्यांपैकी दोघे-तिघे आत घुसले होते. त्यांनी औषधांच्या कपाटाची काच फोडली. त्याच कपाटात मारणाऱ्याच्याच भावाची इंजेक्शनं होती. काचेच्या चुऱ्यातून मी ती निवडून काढली, कारण पुढच्या डोसची वेळ झाली होती. माझं मोठं मन वगैरे काही नव्हतं. नुसता संताप होता, पण सुईला हात स्थिर लागतो, म्हणून तो स्थिर ठेवला.

तो वाचला. रुग्णवाहिका आल्यावर त्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं आणि काही दिवसांनी तो चालत घरी गेला. मी पोलिसांत तक्रार दिली आणि माझे खरे हाल तिथून सुरू झाले.

वरून पत्र आलं. मला वाटलं, चौकीदार मिळेल, निदान कपाटाची काच तरी. पत्रात माझं प्रशिक्षण होतं, 'नातेवाइकांशी संवाद कसा साधावा' या विषयावर. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. मार खाल्लेल्यानं बोलायला शिकायचं आणि मारणाऱ्यानं काहीच शिकायचं नाही. एका सोबतीच्या डॉक्टरनं प्रेमानं सल्ला दिला: यापुढे असा पेशंट आला की एक सलाईन लाव, रेफर कर, हात झटक. रस्त्यात मेला तर तुझ्या अंगावर नाही. तो वाईट माणूस नाही. त्यालाही कधीतरी कुणीतरी मारलेलं आहे.

मग गावचे माजी सरपंच येऊ लागले. "म्याडम, गैरसमज झाला. पोट्ट्याची जिंदगी खराब होईन. आपसात मिटवून टाकू." गोड बोलायचे, चहा प्यायचे, जायचे, पुन्हा यायचे. मी कंटाळत चालले होते, हे खोटं कशाला सांगू? आईला फोन करून म्हटलं, तक्रार मागे घेते, टाकते एकदाची सही, माझ्याच्यानं होत नाही.

आई म्हणाली, "तुहा आजा मालकापुढं हात जोडून उभा राहे. मारलं तरी त्यालेच हात जोडा लागत होते. तुले आमी यासाठी शिकवलं का?"

मी सही केली नाही. तेव्हा माजी सरपंचांनी हुकमाचं पान काढलं. सत्कार. आमच्याकडे सगळ्या भांडणांवर हा रामबाण इलाज: शाल, नारळ, मोबाइलवर फोटो. फोटो निघाला की भांडण झालंच नव्हतं.

एका सकाळी ओपीडी चालू असताना ते सगळे आले. शाल हातात धरून तो धाकटा भाऊ. आणि सोबत तो, वाचलेला. कपडे धुतलेले, केस विंचरलेले. मी त्याला शुद्धीवर असं पहिल्यांदाच बघत होते. तो सरळ पाया पडायला वाकला. मी मागे सरकले.

"बाई, तुमी नसत्या तं मी नसतो," तो म्हणाला. "भावानं सांगतलं, डॉक्टरीन बाईचा सत्कार करू. मी म्हनलं, मी बी येतो. त्यानंच मले आनलं होतं ना गाडीवर. तुमचे उपकार अन् त्याचे बी."

तेव्हा मला कळलं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. एवढ्या गावात एकानंही नाही. त्याला वाटत होतं, हा खरा सत्कार आहे.

माजी सरपंच घाईनं म्हणाले, "घाल शाल, घाल." मोबाइल वर झाले. सिस्टर टेबलाच्या कडेला प्लास्टरचा हात घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यासाठी कुणी काही आणलं नव्हतं.

मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही शुद्धीत नव्हतात तेव्हा तुमच्या भावानं मला मारलं. या सिस्टरचा हात त्यानंच मोडला. ही शाल ते झाकायला आहे."

"म्याडम, आता कायले..." माजी सरपंच म्हणाले. मोबाइल खाली गेले.

तो भावाकडे वळला. "तू मारलं बाईले?"

"गैरसमज झाला होता," भाऊ म्हणाला.

"कोनता?"

"मले वाटलं, तू पागल झाला. मरतं का काय."

त्यानं सिस्टरच्या हाताकडे बघितलं, मग पुन्हा भावाकडे. आवाज चढवला नाही. "मी जिता असून हे केलं," तो म्हणाला. "मेलो असतो तं काय केलं असतं?"

भाऊ नारळाकडे बघत राहिला. उत्तर त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं, मला तर नक्कीच.

तक्रार मी मागे घेतली नाही. केस चालू आहे, तारखा पडतात. सिस्टरची मूठ अजून नीट वळत नाही. शाल त्या दिवशी खुर्चीवरच राहिली, नारळ मात्र कुणीतरी परत नेला.

यंदाही फवारणी सुरू झाली आहे. औषध लागलेले पेशंट येतात, मी कुणालाही नुसतं रेफर करत नाही. फक्त सुई भरण्याआधी माझी नजर एकदा दाराकडे जाते. पूर्वी ती सरळ पेशंटकडे जायची, आणि या एका गोष्टीचा राग मला त्या थपडेपेक्षा जास्त आहे.