सिकराणीच्या अकरा सिक

आमच्या पंख्यांच्या कारखान्यात मी प्रथमोपचाराची खोली सांभाळते. खोली कसली, एक खाट, एक कपाट, एक वजनकाटा आणि मी. कुणाच्या बोटात तार घुसते, कुणाच्या डोळ्यात रंग उडतो, कुणाचं डोकं ठणकतं, की आली स्वारी माझ्याकडे. पट्टी बांधून घेतात आणि वर माझी बोलणी खातात. बोलल्याशिवाय मला पट्टी बांधताच येत नाही, त्याला माझा नाइलाज आहे.

आमच्याकडे आजारपणाला आजारपण कुणी म्हणत नाही. सगळे म्हणतात सिक, आणि आजारपणाच्या रजेलाही सिकच. सिक टाकतात, सिक मारतात, सिक वाचवून ठेवतात, वर्षअखेरीला उरली तर "जळाली हो सिक" म्हणून हळहळतात. आमचा वेल्डर त्याच्या मेव्हण्याचं घर रंगवायला सिकवर जातो. पॅकिंगमधल्या जाड्याला बरोबर मॅचच्या दिवशी सिक लागते. मशीन थरथरायला लागलं, तरी फोरमन ओरडतो, "अरे, हे सिक झालं बघ!" आणि परवा माझ्या भाच्याने तर कहर केला. नवे बूट पायात घालून आला आणि म्हणाला, "मावशी, सिक आहेत ना?" मी आधी त्याचं कपाळ चाचपलं. ते म्हणे कौतुकाने म्हणायचं असतं! म्हटलं, धन्य आहे बाबा तुमची.

तर या सिकच्या राज्यात आमच्याकडे एक सिकराणी होती. हे नाव मीच ठेवलं होतं, आणि तेव्हा मला ते फार छान सुचलंय असं वाटलं होतं. वाइंडिंगला होती ती, मोटरीत तांब्याच्या तारेची वेटोळी भरायची. हात असा झरझर चालायचा की बघत राहावं. हसायला लागली तर दोन टेबलांपलीकडे ऐकू यायचं, जिना चढायची तो एक सोडून एक पायरी. आणि अशी धडधाकट बाई वर्षात अकरा वेळा सिक! परत आली की मी मुद्दाम विचारायची, "काय राणीसरकार, काय झालं होतं?"

"काही नाही हो ताई. सिक होते." एवढंच. खाली मान घालून कामाला लागायची.

तीन वर्षं ती हंगामी होती. यंदा हंगामी लोकांतून काहींना कायम करायचं ठरलं आणि तेवढ्यात नवे साहेब आले. त्यांनी एक रेघ मारली: आठच्या वर सिक असेल त्याचं नाव कट. ही बातमी मला टाइम ऑफिसच्या काकांनी सांगितली. हजेरीचं सगळं ते बघतात. म्हणाले, "बाई, वाइंडिंगवाली गेली हो. कायम तर नाहीच, महिनाअखेरीला घरी." मी म्हटलं, "अकरा वेळा मजा मारली, आता भोगा." खरंच म्हटलं. लाज वाटते आता सांगायला.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला तीच माझ्या दारात उभी. "ताई, एक तापाची गोळी द्या ना." थर्मामीटर लावला, तर एकशे दोन! माझं डोकंच फिरलं. "घरी जा आधी! असल्या तापात तारा कसल्या गुंडाळतेस?"

"सिक संपल्या माझ्या."

"संपणारच! अकरा वेळा काय करत होतीस घरी बसून?"

ती खाटेवर बसली. म्हणाली, "ताई, त्या माझ्या नव्हत्याच हो."

मग एकेक बाहेर आलं. चार मुलाच्या, त्याला गोवर झाला होता तेव्हाच्या. पाच सासूबाईंच्या, त्या न्हाणीघरात पडल्या, पाय प्लास्टरमध्ये. दोन नवऱ्याच्या, काविळीच्या. घरातल्या माणसाच्या आजारपणाला आमच्याकडे रजाच नाही. सिक म्हणजे स्वतःचीच. म्हणून गप्प राहायची.

"आणि तू? तू कधी आजारी पडतेस की नाही?"

"पडते की," ती म्हणाली. "तेव्हा इथे येते."

मी कुणाला गोळी दिली की वहीत नाव आणि तारीख लिहिते. ती वही काढली. वर्षभरात तिचं नाव चौदा वेळा! ताप, ताप, कंबर, डोकं, पुन्हा ताप. सगळं माझ्याच अक्षरात, आणि मी मात्र तिला राणीसरकार म्हणत होते. तिला खाटेवर आडवी केली, वही घेतली आणि तडक टाइम ऑफिस गाठलं. काकांनी त्यांची सिकची वही उघडली. दोन्ही वह्या शेजारीशेजारी ठेवून आम्ही तारखा लावत बसलो. एकही जुळेना. सिकच्या दिवशी ती आजारी नव्हती आणि आजारी होती तेव्हा कामावर होती. काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चला," म्हणाले.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे या अकराही सिक खोट्या. हे तर जास्तच वाईट झालं."

वाचवायला गेले आणि स्वतःच्या हाताने बाईला खड्ड्यात घातली की! काका तेवढ्यात मान खाली घालून बाहेर गेले. मला वाटलं, पळाले. ते आले तिच्या कामाचे कागद घेऊन. आजारपणाचे ते चौदा दिवस त्यांनी साहेबांसमोर बोट ठेवून दाखवले. रोजच्या चाळीस मोटरी, तेवढ्याच. तपासणीतून परत आलेली एक नाही.

साहेब कागद चाळत राहिले. मला राहवेना. म्हटलं, "साहेब, रागावू नका. तुमच्या घरी मूल आजारी पडलं तर कोण राहतं घरी?"

"मिसेस."

"नोकरी करतात त्या?"

"हो, बँकेत."

"मग त्या दिवशी त्या बँकेत काय सांगतात?"

साहेब हळूच म्हणाले, "सिक." काका खोकल्यासारखं करून हसले. साहेबांनी पेन काढलं, तिच्या नावावरची रेघ खोडली आणि मला म्हणाले, "आज तिला घरी पाठवा." आणि पुढच्या महिन्यापासून रजेच्या फॉर्मवर नवा रकाना आला: कोण आजारी?

ती कायम झाली. मी तिची माफी मागितली, तर ती असं मोठ्याने हसली की फोरमन डोकावून गेला.

दोन महिन्यांनी सकाळी मी काकांकडे चहाला बसले होते. फोन वाजला. पलीकडे एका म्हातारीचा खणखणीत आवाज, मला बाकावर बसून ऐकू येत होता. "मी तिची सासू बोलतेय, वाइंडिंगवालीची. तिच्या अंगात ताप आहे आणि बाईसाहेब निघाल्या होत्या कामाला! चपला लपवून ठेवल्यात मी. आज काही ती येत नाही."

"बरं, बरं, आजी," काका म्हणाले. "मी बघतो, काळजी घ्या. फॉर्मवर कोण आजारी म्हणून लिहू?"

"कोण म्हणजे काय? तीच! आणि जरा ठळक लिहा."

काकांनी लिहिलं, "स्वतः." मग माझ्याकडे बघितलं आणि त्याच अक्षरांवरून पेन पुन्हा एकदा फिरवलं.