कोपऱ्यातला आकडा

माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात एक हिरवा आकडा असतो. गेम चालू असताना सेकंदाला किती चित्रं पडद्यावर उमटतात, ते तो सांगतो. साठच्या आसपास असला की सगळं लोण्यासारखं चालतं, तिसाकडे घसरला की चित्र अडखळतं. गेम खेळणारी निम्मी माणसं खेळाकडे कमी आणि या आकड्याकडेच जास्त बघतात, आणि मी त्यांच्यातलीच एक. नोकरी बारामतीत, घर शेळगावात, आणि सुट्टीच्या दिवशी पत्र्याच्या खोलीत मी आणि माझा कॉम्प्युटर. लग्नाच्या वयाच्या पोरीला हे शोभतं का, असं आमच्या आळीत बऱ्याच जणींनी विचारून बघितलंय. शोभतं.

तात्या, म्हणजे माझे वडील, गेल्या हिवाळ्यात ट्रॅक्टरवरून उतरताना चक्कर येऊन पडले. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, कानातला तोल बिघडलाय. गोळ्या घ्या, बरं वाटेपर्यंत ट्रॅक्टर बंद. गोळ्यांनी चक्कर गेली. डॉक्टर म्हणाले, आता मान हळूहळू वळवायला लागा, म्हणजे तोल परत येईल. पण तात्यांच्या मनात भीती अशी बसली की त्यांनी मान वळवायचंच सोडून दिलं. कुणी हाक मारली की ते अख्खेच वळायचे, जड कपाट सरकवल्यासारखे. आईनं समजावलं, मी भांडले, पण पालथ्या घड्यावर पाणी. चुलतभाऊ रानात ट्रॅक्टर चालवायचा आणि तात्या ओसरीवर बसून नुसता आवाज ऐकायचे. "क्लच लय दाबतोय," एवढंच म्हणायचे. मला ते बघवत नव्हतं. मला माझे खेकसणारे, बांधावरून शिव्या घालणारे तात्या परत हवे होते.

शेतीचा एक गेम आहे, त्यात ट्रॅक्टर चालवता येतो. बारामतीतल्या मैत्रिणीकडे गेमचं स्टिअरिंग पडून होतं, ते मी मागून आणलं आणि तात्यांना खुर्चीत बसवलं. पाच मिनिटं बरी गेली. मग बांधाजवळ दाट झाडी आली, चित्र अडखळलं आणि तात्यांनी डोळे मिटून टेबल धरलं. "गरगरतंय," म्हणाले आणि उठून गेले.

झालं, मी कामाला लागले. आकडा पडू द्यायचा नाही. सावल्या बंद केल्या, गवत कमी केलं, कॉम्प्युटरच्या डबड्याचं एका बाजूचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला. लांबची झाडं तर सगळी काढून टाकली. पुढच्या रविवारी तात्या बसले आणि बघतच राहिले. "हे रान कुणाचं म्हणायचं? बांधाला एक झाड न्हाय. माणूस भाकरी कुठं बसून खाणार?" मी मुकाट्यानं थोडी झाडं परत लावली.

तेवढ्यात त्यांना कोपऱ्यातला आकडा दिसला. मी सांगितलं काय आहे ते, पण त्यांनी त्यांचाच अर्थ लावला. विहिरीवरच्या मोटरच्या पेटीत व्होल्टेजचा काटा असतो. काटा खाली आला की मोटर जळायची भीती, म्हणून तात्यांचा उभा जन्म त्या काट्याकडे बघण्यात गेलेला. ते पडद्यावर टिचकी मारून म्हणाले, "दाब कमी हाय." आणि आकडा जरा पडला की स्टिअरिंग सोडून स्वयंपाकघराकडे ओरडायचे, "अगं, मिक्सर बंद कर!" आई बिचारी चटणी अर्धवट ठेवून बटण बंद करायची. इकडे ट्रॅक्टर थांबलेला असल्यामुळे आकडा आपोआप वर चढायचा. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ! "बघ, आला का न्हाय दाब?" तात्या मला ऐकवायचे. मी डोकं धरायचे.

इथवर गंमत होती. पण दर वेळी तीच तऱ्हा व्हायला लागली: आकडा पन्नासाखाली गेला की तात्या थांबणार, टेबल धरणार, उठणार. एकदा तर चित्र अजिबात अडखळलं नव्हतं, नुसता आकडा खाली आला होता, तरी म्हणाले, गरगरतंय. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खरी चक्कर केव्हाच गेली होती. ते त्या आकड्यात ती शोधत होते, आणि आकडा दाखवायची व्यवस्था मीच करून ठेवली होती.

मी चिडूनच आकडा बंद केला.

"काटा कुठं गेला?" त्यांनी लगेच विचारलं.

"आता दाब कायम राहतोय तात्या. बघायची गरज न्हाय."

"नक्की का?"

"व्हय."

धडधडीत खोटं बोलले. झाडीजवळ चित्र अडखळत होतं, मला ते साफ दिसत होतं आणि माझा जीव टांगणीला लागला होता. आई माझ्या शेजारी, तात्यांच्या पाठीमागे कॉटवर मेथी निवडत बसली होती. तात्यांनी नांगर टाकला आणि ते झाडीपाशी गेले. चित्र दोनदा थांबून चाललं. तात्या थांबले नाहीत. "चल, चल," ते ट्रॅक्टरला म्हणाले आणि त्यांनी पुढची सरी धरली.

आणि मग त्यांनी ते केलं, जे ट्रॅक्टर चालवणारा प्रत्येक माणूस करतो. सरी नीट पडतेय का बघायला त्यांनी एक हात स्टिअरिंगवर ठेवून मान मागे वळवली. पूर्ण, खांद्यावरून. मागे ना नांगर होता, ना रान. कॉटवर आम्ही दोघी होतो.

"सरी सरळ हाय का गं?" त्यांनी आईला विचारलं.

आईच्या हातातली मेथी तशीच राहिली. तिनं पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती त्यांच्या वळलेल्या मानेकडे बघत होती.

"सरळ हाय," ती म्हणाली. "लय सरळ हाय."