डाळिंबांचा फोटो

माझं माहेर घाटघर. तिकडं भात अन् नाचणी. डाळिंब आणायचं ते कुणी आजारी पडलं तरच, तेही जुन्नरच्या बाजारातून. त्यामुळे डिंगोऱ्याला सासरी आल्यावर विहिरीजवळच्या तुकड्यात डाळिंब लावू म्हटलं, तर भावजी, म्हणजे माझे थोरले दीर, चारचौघांत म्हणाले, "गोंदवलेल्या हनुवटीच्या डोंगरातल्या बाईला काय कळतंय डाळिंबातलं? ऊस लावा, राव."

हनुवटीवर माझ्या हिरवा ठिपका आहे. लहानपणी आईनं गोंदवून घेतला. तोपर्यंत मला त्याची लाज नव्हती आणि त्यानंतरही वाटून घेतली नाही. नवरा भोसरीला कंपनीत, सुट्टीला घरी यायचा. त्यानं हात झटकले, "तुमचं तुम्ही बघा." बघितलं की मग! खड्डे मी घेतले, रोपं मी लावली, फवाऱ्याचा पंप माझ्याच पाठीवर असायचा. भावजी बांधावर उभे राहून नुसते दात कोरायचे.

बाग फळाला आली ते दोन हजारनंतरचं साल, आणि नेमका त्याच वेळी तेल्या आला. डाळिंबाच्या फळावर तेलकट काळे डाग पडतात, फळ तडकतं, आणि एका बागेतून दुसऱ्या बागेत रोग पळतो. आसपासच्या लोकांनी रडत रडत झाडं उपटली. भावजींना आयतं निमित्त मिळालं. "एका जरी फळावर तेल्या निघाला तरी बाग उपटायची. शेजाऱ्यांचं वाटोळं करायचं नाय आपल्याला." रागाच्या भरात मीही म्हटलं, "कबूल!"

कळंबला फळांच्या एका व्यापारी शेठची मोठी शेड होती. शेठचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठची मराठी आमच्यापेक्षा तिखट. पुण्याच्या कुठल्या कॉलेजातले एक सर त्या शेडमध्ये नवं मशीन तपासून बघत होते. पत्र्याची पेटी, आत ट्यूबलाइटा, वर कॅमेरा, शेजारी कॉम्प्युटर. पट्ट्यावरून फळ आत जायचं, कॅमेरा फोटो काढायचा आणि कॉम्प्युटर सांगायचा, चांगलं की खराब. शेठनं निरोप धाडला: एक क्रेट घेऊन या, मशीननं पास केलं तर तुमच्या बागेतला सगळा माल घेतो.

सकाळी मी क्रेट भरला. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांनी विचारलं, "कुठं नेती गं एवढी निवडून निवडून?" मी घाईत होते. "कळंबला. प्रत्येकाचा फोटो काढायचाय," म्हटलं आणि टेम्पो बघायला गेले. परत येईस्तोवर क्रेटवर कागद झाकलेला आणि आत्याबाई नवं लुगडं नेसून तयार. "मी बी येती." म्हटलं, चला. भावजी पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले होतेच. त्यांना निकाल ऐकायचा होता.

पहिलं फळ पेटीत गेलं. स्क्रीनवर कलिंगडाएवढं दिसायला लागलं, त्यावर एक काळा ठिपका आणि ठिपक्याभोवती लाल गोल. रिजेक्ट. दुसरं गेलं, रिजेक्ट. तिसरं, तेच. सरांचा चेहरा पडला. "ताई, तेल्या दिसतोय."

"झालं!" भावजी म्हणाले. "उद्याच उपटू. जेसीबी सांगतो मी."

काल संध्याकाळी तर प्रत्येक फळ मी फिरवून बघितलं होतं! बाजूला पडलेलं एक उचललं, दुसरं उचललं. सगळ्यांवर ठिपका एकाच जागी, मुकुटाच्या खाली, एकाच मापाचा. रोग काय असा मोजूनमापून येतो? अंगठ्यानं घासलं तर अंगठा काळा झाला.

कोपऱ्यात पालथ्या क्रेटवर बसलेल्या आत्याबाई तेव्हा बोलल्या, "अगं, ती तीट हाय. एवढे फोटू काढणार म्हणलीस. दृष्ट लागंल म्हणून लावली एकेकाला."

आमच्यात लेकराला फोटो काढायला न्यायचं तर आधी काजळाची तीट लावायची, मग स्टुडिओची पायरी चढायची. आत्याबाईंनी फोटो म्हणजे तेवढंच बघितलेलं. त्यांच्या लेखी ती माझी लेकरंच होती.

शेडमध्ये असा हशा पिकला की विचारू नका. शेठ डोळे पुसत होते. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली. ते बघून माझं डोकं फिरलं.

"हसताय काय? म्हातारीनं माया केलीय, चोरी नाही! सर, पुसते मी फळं. परत घाला."

सर माणूस सरळ, पण म्हणाले, "तसं नाही करता येत, ताई. पुसलेलं सॅम्पल चालत नाही. मशीन डाग बघतं, तो कशाचा ते त्याला कळत नाही. काजळाखाली खरा रोग असला तर?"

"बरोबर हाय सरांचं," भावजी म्हणाले. "मशीन काय खोटं बोलंल व्हय?"

"नाही ना बोलत? मग थांबा."

मी पदर खोचला, पट्ट्यावर पाठ टेकवली आणि मुंडकं पेटीत घातलं, हनुवटी कॅमेऱ्याकडं करून. आत नुसता लख्ख उजेड. बाहेर कुणीतरी "अहो, अहो" करत होतं. बाहेर येऊन बघते तर स्क्रीनवर माझं हे एवढं थोरलं तोंड, गोंदणाभोवती लाल गोल आणि खाली रिजेक्ट.

"बघा भावजी," मी म्हटलं, "मला बी तेल्या झालाय. तुमचं मशीन खोटं बोलत नाही. सांगा जेसीबी, आधी मला उपटा."

भावजी चपलेकडं बघायला लागले. शेठ या खेपेला हसले नाहीत. म्हणाले, "सर, पुसा ती फळं. पाणी मी देतो." सरांनी स्वतःच्या हातानं एकेक फळ पुसलं, भिंग लावून बघितलं आणि पट्ट्यावर ठेवलं. काही उन्हानं भाजलेली होती, ती बाजूला पडली. पडू देत, भाजलेलीच होती. बाकी सगळी पास झाली. तेल्या एकावरही नव्हता. शेठनं बाग घेतली.

येताना आत्याबाई आणि मी टेम्पोच्या मागच्या हौद्यात बसलो. नारायणगाव गेलं, जुन्नर गेलं, तरी त्यांचा पदर तोंडालाच. मला वाटलं, लोकांचं हसणं लागलं असणार.

"आत्याबाई, मनावर घेऊ नका. हसू द्या मेल्यांना."

"गप बस. मान इकडं कर."

त्यांनी कमरेची काजळाची डबी काढली, बोट बुडवलं आणि माझ्या कानामागं टेकवलं.

"आज तुझा बी फोटू निघालाय," त्या म्हणाल्या. "एवढ्या लोकांत."