परबभाऊंच्या फोनवरचा तिसरा माणूस

किस्से म्हणजे केळफूल बघा. एक पान सोललं की खाली दुसरं, ते काढलं की तिसरं, आणि हात चिकट होतात ते वेगळेच! परवा कोळणीशी बोलताना एक आठवला नि तेव्हापासून सगळेच सुटायला लागलेत. मी चौथी पास. बोलते तसंच लिहिणार. चुका काढायच्या असतील तर चहा पिऊन काढा.

घाटकोपरला आमची चाळ. ऐंशीच्या पुढची गोष्ट. चाळीत फोन एकच, परबभाऊंकडे. भाऊ म्हणजे साकीनाक्याच्या एका कारखान्यातले युनियनचे पुढारी. माझा मुलगा दत्तू तिथेच लेथवर. फोन बसला त्या दिवशी परबवहिनींनी त्याला हळदकुंकू लावलं, वर क्रोशाचा रुमाल घातला. आणि बावीस बिऱ्हाडांनी आपापल्या नातेवाइकांना तोच नंबर वाटला! मी तर पुतणीच्या लग्नपत्रिकेवर छापला. मुलाकडच्यांना वाटलं, फोन आमचाच. मी कशाला सांगू?

*

मग मालकाने कारखान्याला टाळं ठोकलं आणि फोनला एक नवीनच खोड लागली. उचलला की आधी टक्! मग कोणीतरी हळूच श्वास घेतंय असं वाटायचं.

"टॅप झालाय," भाऊ कुजबुजले. "पोलीस ऐकतायत."

तेव्हापासून भाऊ फोनवर बोलताना शेजारी रेडिओ लावायचे, फुल आवाजात. एकदा अर्धा तास बोलले. ठेवला तेव्हा घामाघूम.

मी विचारलं, "भाऊ, काय म्हणाला समोरचा?"

"काय कळलंच नाही गो मावशी. रेडिओ चालू होता ना!"

*

हसायचं ते हसलो, पण माझ्या घरात हसण्यासारखं नव्हतं.

कामगारांची मीटिंग कुठे घ्यायची ते भाऊ फोनवर ठरवायचे. मंगळवारी मैदानात म्हटलं की मंगळवारी मैदानात पोलिसांची व्हॅन आधीच हजर! सतरंजी अंथरायच्या आधी! कोणीतरी आतली बातमी फोडतंय, असं कमिटीतले तावडे म्हणायला लागले. फोनबिन टॅप झालाय यावर त्यांचा विश्वास नव्हता. "आपण काय मंत्री आहोत, सरकार आपलं ऐकायला?"

जागा आधीपासून ठाऊक असणारी माणसं दोनच. भाऊ, आणि भाऊंचे निरोप लिहून घेणारा माझा दत्तू. भाऊंवर कोण संशय घेणार? मग राहिला कोण?

शनिवारच्या भजनात दत्तूच्या हातात झांजा द्यायचं बंद झालं. तो आला की बोलणी थांबायची. माझी सून शालन नळावर गेली की बायका एकदम मुक्या. पोर घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा. खबऱ्या म्हणाले त्याला. माझ्या दत्तूला! ज्याला शाळेत असताना खोटं बोलायला मीच शिकवत होते आणि तरी जमलं नाही!

*

मी समोरच्या बिल्डिंगमधल्या देसाई वकिलांकडे गेले. हातात ओल्या नारळाच्या करंज्या. वकिलाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये.

"कायदा आहे मावशी," ते म्हणाले. "इंग्रजांच्या वेळचा, तारेचा कायदा. सरकारला ऐकता येतं. पण तशी लेखी ऑर्डर पाहिजे. आणि कारण पण मोठं पाहिजे. देशावर संकट, जनतेला धोका, असं काहीतरी."

"आमच्या फोनवर जनतेला धोका म्हणजे शालनची फणसाची भाजी. तेवढ्यासाठी ऑर्डर काढली?"

"पण मावशी, ऐकतायत याला पुरावा काय?"

"टक् वाजतं ना!"

"टक्ला कोर्टात कोण विचारतं? आणि ऐकणारा स्वतः येऊन थोडाच सांगणार आहे, मी ऐकतोय म्हणून!"

मी करंज्यांचा डबा अर्धाच रिकामा केला. अर्ध्या परत आणल्या. अर्ध्याच कामाचं बोलले ना!

*

म्हटलं, ऐकतोय तर ऐकू दे. पाहुणाच तो. फोन उचलला, टक् झालं, की मी आधी त्याची चौकशी करायची.

"काय रे बाबा, जेवलास? पाठ दुखत असेल बसून बसून. उठून जरा फिर. आम्ही थांबतो!"

तो कसला बोलतोय! पण चाळीतल्या बायकांना लागली चटक. कोण त्याला संक्रांतीचा तिळगूळ घ्या म्हणतेय, कोण त्याच्या लग्नाचं विचारतेय. पहिल्या मजल्यावरची कमळ तर खास त्याच्याशीच बोलायला नंबर फिरवायची.

"सरकार ऐकतंय ना? मग लिहून घ्या. आमच्या चाळीत आठ दिवस नळाला पाणी नाही. तिसऱ्या मजल्यावर तर करंगळीएवढी पण धार नाही!"

मी म्हटलं, "अगं, पाणी म्युन्सिपाल्टीचं. हा पोलीस."

"असू दे. त्यांचं आपसात बोलणं होत असेल ना!"

चौथ्या दिवशी पाणी आलं! कमळने फोनसमोर अगरबत्ती लावली.

*

मग मी एक डाव टाकला. मुलुंडला माझी लेक नंदा असते, तिला फोन लावला आणि घसा फोडून सांगितलं, "उद्या सकाळी दहाला सगळ्यांची मीटिंग गं! देवनारला, डंपिंगच्या गेटवर! कोणाला सांगू नकोस!"

नंदा म्हणते, "आई, तुझा काय संबंध?"

"तू गप. तुला नाही सांगत!"

दुसऱ्या दिवशी खरी मीटिंग, फोनवर न बोलता ठरवलेली, साकीनाक्याला एका गाळ्यात शांतपणे पार पडली. आणि देवनारला राहणारा एक कामगार धावत आला, हसून हसून बोलता येईना. पोलिसांची व्हॅन सकाळपासून कचऱ्याच्या डोंगराखाली उभी! आत आठ जण, आठांच्या नाकाला रुमाल. घारी वर घिरट्या घालतायत.

मी दत्तूकडे बघितलं. म्हटलं, सुटला माझा पोर!

तर माझा डाव ऐकून तावडे म्हणतात, "दत्तू पण ह्याच चाळीत राहतो ना? आईचं बोलणं त्यानेच पोचवलं असेल."

वाट लागली माझ्या डावाची. त्या दिवशी दत्तू जेवला नाही.

*

रविवारी सकाळी भाऊंच्या खोलीत कमिटी बसली. विषय एकच, दत्तूला युनियनमधून काढायचं. भाऊ बिचारे मान खाली घालून. दत्तू दाराबाहेर, शालन त्याच्या मागे पदर तोंडात धरून. मी आत शिरून फोनच्या बाजूला ठाण मांडलं. मला उठवायची कोणाची टाप?

तावडे उभे राहिले. "मंडळी, हात वर करा."

आणि फोन वाजला.

मीच उचलला. टक्. नंदा! तिच्याकडे सासरचे पाहुणे येणार, बांगडे आणलेत, तिखलं कसं करू म्हणून विचारत होती. तिची लाइन खरखरायची, कान दुखायचा, म्हणून मी रिसीव्हर वीतभर लांब धरला.

"मावशी, नंतर बोला," तावडे म्हणाले.

"माशाला नंतर नसतं!" मी म्हटलं आणि सुरू केलं. "हे बघ नंदा. मिरच्या भिजव. धणे, हळद, लसूण, चिंच, सगळं बारीक वाट. मसाला थोड्या पाण्यात कालव, बांगडे सोड, मीठ घाल. उकळी आली की वरून कच्चं खोबरेल. झालं. उतरव खाली."

"एवढंच?"

"एवढंच. घे वाढायला."

फोनमध्ये खरखर झाली. आणि एक बाप्याचा आवाज आला, कळवळून, अख्ख्या खोलीला ऐकू जाईल एवढा,

"मावशी, तिरफळां ऱ्हवली!"

 तावड्यांचा हात वर तसाच.

खरंच की, तिखल्यातली तिरफळंच सांगायची विसरले होते! मी रिसीव्हर आणखी थोडा लांब धरला. "किती घालू रे बाबा?"

 मग अगदी बारीक आवाजात, "आठ-धा. ठेचून."

टक्!

तावड्यांनी हात खाली घेतला. सतरंजीवर बाजूला सरकले, आणि दाराकडे बघून म्हणाले, "दत्तू, बाहेर काय उभा रे? ये, आत बस."

तिकडे नंदा मुलुंडहून ओरडतेय, "आई, कोण होतं गं ते?"

"गाववाला," मी म्हटलं. "तू तिरफळं घाल."