मावशीचं रेकॉर्ड उघडेना

भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. कॉम्प्युटरवर पोट असलेला माणूस मी... एररला कारण असतंच, हे मानणारा.

२००४ साल. नारायणगावात हायवेलगतच्या एका खाजगी हॉस्पिटलचा डेटाबेस सर्व्हर मी सांभाळायचो. त्या पावसाळ्यात एक एरर सुरू झाली – मेमरी अलोकेट करता येत नाही, म्हणजे काम करायला मशीनकडे मेमरीच शिल्लक नाही. एखाद्या पेशंटचं रेकॉर्ड उघडायला गेलं की सर्व्हर इतकी मेमरी मागायचा की अख्खी सिस्टिम ठप्प! रॅम वाढवली, सेटिंग्ज बदलली, डेटाबेस नव्याने टाकला. फरक शून्य.

बाकीची रेकॉर्ड्स मात्र झटकन उघडायची. अडायचं एखादंच. आधी तळेघरच्या एका बाबांचं, मग मंचरच्या एका बाईंचं. रिसेप्शनवरची कल्पना एकदा हळूच म्हणाली, "सर, ज्यांचं अडतं ना... ती माणसं परत घरी जात नाहीत." मी तिच्यावर चिडलो. मग स्वतः तपासलं. खरं होतं. आणि माणूस गेला, की रेकॉर्ड आपोआप उघडायचं.

अशात माझी खोडदची सख्खी मावशी ॲडमिट झाली. पित्ताशयातले खडे, साधं ऑपरेशन. सकाळी कल्पनाने मला बोलावलं. तिने स्क्रीनकडे बोट केलं.

तीच एरर.

मी मावशीची नोंद नव्या नंबरवर केली, दुसऱ्या मशीनवर केली... तेच. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. सर्व्हर अडतो म्हणून ऑपरेशन थांबवू? तूच सांग."

मावशीजवळ गेलो. तिचा मुलगा दत्ता तिथेच बसला होता. "मावशी, आज ऑपरेशन नको. पुण्याला जाऊ."

"आरं, लई दुखतंय रं. आता आणि पुण्याला कुठं नेतोस? व्हऊन जाऊ दे."

तिला आत नेलं. मी खाली येऊन सर्व्हरसमोर बसलो. रीस्टार्ट... एरर. पुन्हा रीस्टार्ट... एरर. ती एरर येत होती तोवर मला धीर होता, हे आज सांगतानाही विचित्र वाटतं.

आणि मग रेकॉर्ड उघडलं. नाव, वय, मुक्काम पोस्ट खोडद. सगळं स्वच्छ.

मी खुर्चीतून उठलोच नाही. थोड्या वेळाने वरून दत्ताचा हंबरडा ऐकू आला. भूल दिलेली असतानाच हार्ट बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

पुण्याहून आलेल्या सीनियर इंजिनियरने सर्व्हरचा कोपरा न् कोपरा तपासला. काहीच सापडलं नाही. मी ते काम सोडलं. ते मशीनही पुढे भंगारात गेलं.

दत्ता अजून भेटतो, बोलतो. पण मध्येच विचारतो, "भाऊ, खरं सांग... तुला आधीच कसं ठावं व्हतं?"

मी जे घडलं ते सगळं सांगतो. त्याला ते पटत नाही... आणि खरं सांगायचं तर, मलाही नाही.