चिनीदादांना विचारा

लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत चिनीदादांची हयात गेली, पण लोक त्यांना लिफ्टबद्दल कमी आणि जेवणाबद्दल जास्त विचारायचे. डोळे बारीक, नाक बसकं आणि आजोबा चीनमधून आलेले. एवढं भांडवल लोकांना पुरेसं होतं. ते गच्चीवरच्या मशीन रूममध्ये कोपरापर्यंत ग्रीसनं माखलेले असायचे आणि इमारतीचा सेक्रेटरी दाराशी रेंगाळत विचारायचा, "बाकी, या शहरात चायनीज कुठं चांगलं मिळतं हो?"

चिनीदादांच्या डोक्यात तिडीक जायची. पण गिऱ्हाईक पडलं. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटून ते पुन्हा मोटरीत डोकं घालायचे.

खरं सांगायचं तर त्यांना माहीत नव्हतं. आजोबा कवळ्या बनवायचे. धंदा बरा चालला होता, आणि मग दोन देशांत बिनसलं. असल्या चेहऱ्यांच्या घरांवर पोलीस चौकशीला येऊ लागले. आजोबांनाही चौकीवर बसवून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सोडलं. तिथं काय झालं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. घरी आल्यावर मात्र बजावलं, की या घरात यापुढं गल्लीत बोलतात तेच बोलायचं आणि गल्लीत शिजतं तेच शिजवायचं. चिनीदादांचे वडील तेव्हा लहान होते. त्यांनी पुढं लग्न शेजारच्याच गल्लीतल्या मुलीशी केलं, चिनीदादांनीही तेच केलं. आजोबांच्या भाषेतले दोनच शब्द घरात उरले होते. एकाचा अर्थ ‘जेव’. दुसरा बहुतेक शिवी असावा.

अशा माणसावर कंपनीच्या वर्धापनदिनाचं जेवण येऊन पडलं. सहकुटुंब, दुपारचं, आणि साहेबांच्या मनात चायनीज आलेलं.

"हॉटेल चिनीदादा ठरवतील," साहेबांनी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं.

आपल्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही, असं चिनीदादांनी सांगून पाहिलं. साहेबांना तो विनय वाटला. हिशेबनीस बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या की दादा, एवढा भाव खाऊ नका. शेवटी त्यांनी हात टेकले.

बायकोला मात्र यात त्रागा करण्यासारखं काही दिसेना. दोन-तीन ठिकाणी जाऊन खाऊन बघू, त्या निमित्तानं चूल तरी बंद राहील, असं तिचं म्हणणं. सुट्टीच्या दिवशी दोघं बाहेर पडले.

पहिल्या हॉटेलात लाल कंदील टांगलेले होते. ते आत शिरताच वेटर कमरेत वाकला आणि पाठ केलेलं एक लांबलचक चिनी वाक्य त्यानं घडाघडा म्हणून दाखवलं. चार टेबलांवरच्या माना वळल्या. चिनीदादा म्हणाले, "साधं पाणी आणा." वेटरचा चेहरा एवढासा झाला. बायको सूप पिऊन होईपर्यंत पदराआड हसत होती. सूप म्हणजे चिखलासारखा दाट गोळा होता. तिथून त्यांनी काढता पाय घेतला.

दुसऱ्या हॉटेलातलं जेवण बायकोला आवडलं. नूडल्स मोकळ्या, तेल बेताचं. चिनीदादांनाही हायसं वाटलं. सुटलो, हेच सांगून टाकू. ते हात धुऊन आले तर मालक टेबलाशी उभा. त्यानं खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणून प्रस्ताव मांडला. दर शनिवारी संध्याकाळी यायचं, रस्त्याकडच्या काचेजवळ बसायचं, हवं ते मागवायचं. बिल नाही.

"का बरं?" चिनीदादांनी विचारलं.

"बाहेरून जाणाऱ्यांना दिसलं पाहिजे, की इथं तुमच्यातले लोक जेवतात."

बायकोला आधी गंमत वाटली. तिनं विचारलं, "मग मी कुठं बसू?"

मालकानं तिच्याकडं नीट पाहिलं, विचार केला आणि म्हणाला, "वहिनी काचेकडं पाठ करून बसल्या तरी चालेल."

ती तडक उठली. दिवसभर हसत आलेली बाई टॅक्सीत चढेपर्यंत घुम्यासारखी होती. चिनीदादा वैतागाच्या भरात ड्रायव्हरलाच विचारून बसले, की बाबा, तू शहरभर फिरतोस, चांगलं चायनीज कुठं मिळतं? ड्रायव्हरनं आरशातून त्यांच्याकडं पाहिलं आणि त्याला हसू आवरेना. सिग्नल सुटला तरी त्याचं हसणं चालूच. मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या.

चिनीदादांनी मग ऑफिसच्या मागच्या रस्त्यावरचं एक हॉटेल ठरवलं. तिथं खाऊन पाहिलंसुद्धा नाही.

जेवणाच्या दिवशी मोठ्या गोल टेबलांभोवती सगळे बसले. ताटं आली, वाफा निघाल्या, पण कुणी हात लावीना. सगळे चिनीदादांकडं बघत होते. साहेबांनी कागदात गुंडाळलेल्या काड्या पुढं सरकवल्या. "दादा, कसं धरायचं ते दाखवा एकदा. म्हणजे आम्हीही सुरू करतो."

चिनीदादांनी काड्या बोटांत धरल्या, भाताचा घास उचलला. तो तोंडापर्यंत पोचायच्या आत शर्टावर सांडला. हशा पिकला. दादा मुद्दाम करतायत, असंच सगळ्यांना वाटलं. दुसऱ्या घासाला काडी निसटून साहेबांच्या ताटात पडली, तशी टाळ्याही पडल्या.

चिनीदादांनी उरलेली काडी खाली ठेवली.

"साहेब, मला येत नाही," ते म्हणाले. "कधीच येत नव्हतं. आमच्या घरी हे खाल्लं जात नाही. आजोबांनी भीतीपोटी सगळं बंद केलं, वडिलांना काही शिकवलं नाही, मला तर नाहीच नाही. हे हॉटेल मी बाहेरची पाटी वाचून निवडलंय. चांगलं आहे की वाईट, मला ठाऊक नाही."

हिशेबनीस बाईंनी आपला चमचा उचलून चुपचाप भात खायला सुरुवात केली. मग आणखी दोघांनी चमचे घेतले. साहेबांनी एक घास चघळून खाल्ला आणि विचारलं, "पण दादा, तुमच्या अंदाजानं, हे अस्सल असेल ना?"

चिनीदादांनी ताट पुढं ओढलं आणि मान खाली घालून ते जेवले.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "बोललात ते बरं केलंत."

"काय बरं केलं? ऐकलं कुणी?" फुटपाथवर चालता चालता ते थांबले. "आणि ह्या लोकांचा एवढा राग नाही येत मला. म्हाताऱ्याचा येतो. घाबरला, ते समजतं. पण दार लावून, खिडकी लावून, वर्षातून एकदा तरी काही करून खाऊ घालायचं होतं. एक पदार्थ. लोक मला विचारतात. मी कुणाला विचारू?"

बायकोनं त्यांच्या शर्टावरचं वाळलेलं भाताचं शीत नखानं काढलं, आणि दोघं बसस्टॉपकडं निघाले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. जेवण सगळ्यांना फार आवडलं होतं. पुढच्या वर्षीचं हॉटेलही दादांनीच ठरवायचं, असं त्यांनी सांगितलं. "बरं," एवढंच म्हणून चिनीदादांनी हत्यारांची पिशवी उचलली आणि ते कामाला गेले.